केअर सर्व्हिस आईला खरंच उपयोगी पडतेय का, हे ओळखायचं कसं?

वाचकाचं पत्र:

माझी आई ७६ वर्षांची. गेल्या वर्षी स्ट्रोक झाला, उजवा हात-पाय कमजोर झालाय, बोलताना अडखळते पण समजतं सगळं. ती दादा-वहिनीकडे असते. आठ महिन्यांपासून एका होम केअर एजन्सीकडून दिवसभराच्या मावशी येतात. मी दुसऱ्या शहरात राहते, महिन्यातून एकदा जाऊन येते. एजन्सी दर महिन्याला रिपोर्ट पाठवते, त्यात सगळं ओके असतं, आंघोळ झाली, औषधं दिली, बीपी बघितलं, एकदाही पडल्या नाहीत. दादा म्हणतो सगळं टिपटॉप चाललंय, तू उगाच खुसपट काढतेस. पण मला आई दर वेळी आधीपेक्षा थोडी खालावलेलीच दिसते. सुरुवातीला डाव्या हाताने स्वतःचे केस विंचरायची, आता मावशीच विंचरून देतात. वॉकर घेऊन हॉलपर्यंत यायची, आता खोलीतच असते. फोनवर "बरं आहे" च्या पुढे काही बोलत नाही. तिला विचारलं तर म्हणते, मावशी चांगल्या आहेत. सर्व्हिस चांगली आहे की वाईट हेच मला ठरवता येत नाहीये. बदलायला सांगू का?

उत्तर:

ताई, तुम्हाला जे दिसतंय ते खरं आहे आणि दादा जे सांगतोय तेही खोटं नाही, तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींकडे बघताय एवढंच. दादा बघतोय की काम होतंय का, तुम्ही बघताय की आईचं काय होतंय. १९६६ साली अवेदिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा तपासायचा यावर एक लेख लिहिला, त्यात त्यांनी तीन भाग वेगळे केले होते, सेवा द्यायला काय काय आहे (माणसं, ट्रेनिंग, साधनं), प्रत्यक्षात काय केलं जातं, आणि त्यातून माणसाला काय मिळालं. तुमच्याकडे येणारा रिपोर्ट हा अख्खा दुसऱ्या भागाचा आहे. आंघोळ झाली, टिक. औषध दिलं, टिक. आई कुठे पोचली, आठ महिन्यांपूर्वी काय करत होती, आज काय करते, याला त्या कागदावर रकानाच नाही. त्यामुळे तो रिपोर्ट कितीही वेळा वाचलात तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडणार नाही.

सर्व्हिस बदलायची की नाही हे आत्ता ठरवू नका, आधी दोन गोष्टी करा, एक आजच आणि दुसरी पुढच्या भेटीत.

आजची गोष्ट म्हणजे आईला डॉक्टरांना दाखवा. स्ट्रोकनंतर सुधारणा सगळ्यात जास्त सुरुवातीच्या महिन्यांत होते, नंतर वेग कमी होतो हे खरं, पण जे एकदा जमायला लागलं होतं ते हळूहळू बंद होणं, याला काहीतरी कारण असतं आणि ते कारण दर वेळी केअरटेकर नसतं. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला पुढे डिप्रेशन येतं, आणि वयस्कर माणसात ते रडण्यापेक्षा गप्प बसण्यातून, कशातच मन नसण्यातून, "राहू दे आता" म्हणण्यातून जास्त दिसतं. लघवीचं इन्फेक्शन, नवीन सुरू झालेली झोपेची किंवा बीपीची गोळी, नीट ऐकू न येणं, चष्म्याचा नंबर बदललेला असणं, यातलं काहीही असू शकतं. तुमच्या आईचं बोलणं आधीच अडखळतं, त्यात समोरच्याचं ऐकूही नीट येत नसेल तर माणूस "बरं आहे" वरच थांबतो हो. हे सगळं तपासून घेतल्याशिवाय एजन्सीवर ठपका ठेवलात तर आईचा इलाज लांबेल आणि दादाशी भांडण मात्र लगेच होईल. आणि एक इथेच सांगून टाकते, तोंड वाकडं झालं, एका बाजूची ताकद अचानक गेली, बोलणं अचानक बिघडलं असं काही दिसलं तर डॉक्टरांची वेळ वगैरे घेत बसायचं नाही, त्या क्षणी हॉस्पिटल.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळं इथेच आहे.

१९६५ साली फ्लोरेन्स मॅहोनी आणि डोरोथिया बार्थेल या दोघींनी एक मोजपट्टी छापली, तिला बार्थेल इंडेक्स म्हणतात, स्ट्रोकच्या पेशंटसाठी ती अजूनही जगभर वापरतात आणि तुमच्या फिजिओला ती नक्की माहीत असणार. दहा गोष्टी असतात, खाणं, आंघोळ, केस-दात-चेहरा आवरणं, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, टॉयलेटला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, चालणं, जिने. शंभरपैकी मार्क. तुम्ही लिहिलेलं केस विंचरणं त्यात आहे बरं का, स्वतःचं स्वतः आवरलं तर पाच मार्क, दुसऱ्याने करून दिलं तर शून्य. पण या इंडेक्सच्या वापराच्या सूचनांमध्ये एक वाक्य आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं, की माणूस काय करू शकतो ते लिहायचं नाही, तो रोज काय करतो ते लिहायचं. कारण दोन्हीत फरक असतो. आणि होम केअरमध्ये हाच फरक पकडायचा असतो.

म्हणून तुम्ही दोन रकाने करा. कागदावर करा, फोनमध्ये करा, कसंही. डावीकडे आई रोज काय स्वतः करते, उजवीकडे आई काय करू शकते. डावीकडचं वहिनीला आणि मावशींना विचारून भरा, आणि उजवीकडचं फिजिओकडून तपासून घ्या, नसेल शक्य तर तुम्ही स्वतः घाई न करता आईसमोर बसून बघा. म्हणजे कंगवा आईच्या डाव्या हातात द्या आणि थांबा. मध्ये हात घालायचा नाही, "थांब मी करते" म्हणायचं नाही, लागू देत पाच मिनिटं. मागचा भाग राहील, भांग वाकडा येईल, ते चालतं. जमलं तर उजव्या रकान्यात लिहा जमतं, वेळ लागतो. असं सगळ्याच गोष्टींचं. (चालणं आणि जिना मात्र एकटीने तपासायला जाऊ नका, तिथे फिजिओ सोबत हवा.)

आणि मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा. आई करू शकत नाही आणि म्हणून करत नाही, तर तो आजाराचा भाग झाला, तिथे मावशींनी करून देणं हीच चांगली सेवा आणि ती नीट, मायेने होतेय का एवढंच बघायचं. करू शकते आणि करते, उत्तम, त्याचं श्रेय सर्व्हिसला मोकळेपणाने द्या. पण करू शकते आणि तरी करत नाही, असं जिथे जिथे दिसेल तिथे सर्व्हिस आईला आधार देत नाहीये, आईकडून काम काढून घेतेय. भले प्रेमाने. अशा वेळी मावशी वाईट नसतात, बहुतेक वेळा त्या फार चांगल्या असतात, चटचट आवरून देतात, पेशंट स्वच्छ, खोली स्वच्छ, घरचे खूश, आणि पेशंटचा हात मात्र रोज थोडा थोडा विसरत जातो. आईने केस विंचरायला वीस मिनिटं घेतली तर मावशींची पुढची कामं अडतात, आणि त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं की ती वीस मिनिटं हेच आजचं काम आहे.

डेन्मार्कमध्ये फ्रेडेरिशिया नावाच्या नगरपालिकेने २००८ मध्ये हाच विचार धरून होम केअरची पद्धतच उलटी केली, मदत मागायला आलेल्या माणसाला आधी विचारायचं की तुम्हाला पुन्हा स्वतः काय करता यायला हवंय, मग काही आठवडे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारे) आणि केअरवाले मिळून त्यावरच काम करणार, आणि तेवढं करून जे उरेल त्यासाठी कायमची मदत. २०१५ पासून तिथल्या कायद्यानेच सगळ्या नगरपालिकांना असं शिकवणीचं केअर आधी देऊ करणं बंधनकारक केलं. तुमच्या एजन्सीकडून एवढं सगळं होणार नाही हे मान्य, पण "करून देणं" आणि "करायला सोबत असणं" यातला फरक एक चांगली केअरटेकर तासाभरात शिकते, कोणीतरी सांगावं लागतं फक्त.

पडण्याबद्दल पण बोलायला हवं, कारण रिपोर्टमध्ये "एकदाही पडल्या नाहीत" हे सगळ्यात अभिमानाने लिहिलेलं असणार. चांगलीच गोष्ट आहे. पण आई चालतच नसेल तर पडणार कशी? न पडण्याचा आकडा चालण्याच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, निरोगी, धडधाकट वयस्कर लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. दहा दिवसांत, आणि तेही आजारी नसलेल्या माणसांचं. तुमच्या आईचं हॉलपर्यंत येणं बंद झाल्याला किती महिने झाले ते विचारा, आणि बंद कोणी केलं तेही विचारा, म्हणजे आईला भीती वाटायला लागली, की मावशींना रिस्क नको होती, की एजन्सीनेच सांगितलंय की पेशंट पडला तर तुमच्यावर येईल. तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळा आहे.

रजिस्टर मात्र एकदा हातात घेऊन बघाच. मासिक रिपोर्ट नव्हे, रोजचं ओरिजिनल रजिस्टर. आठवडाभराच्या टिका एकाच पेनाने एकाच दाबाने एका बैठकीत केल्यासारख्या दिसतायत का. बीपी रोज १२०/८० लिहिलंय का, कारण माणसाचं बीपी दिवसातसुद्धा वरखाली होतं, पंधरा दिवस ओळीने तोच आकडा येत असेल तर मशीन पिशवीतून निघालेलंच नाही. गोळ्यांची पाकिटं मोजा, सुरुवातीची तारीख आणि उरलेल्या गोळ्या यांचा हिशोब लगेच लागतो. हा हिशोब जुळला नाही तर लगेच चोर पकडल्यासारखं करू नका, आधी मावशींनाच विचारा, कधीकधी आई गोळी थुंकून टाकते आणि ते लिहायची कोणी सोय ठेवलेली नसते. पण रजिस्टरवर विश्वास किती ठेवायचा ते यातून कळतं.

शरीराच्या दोन-तीन खुणा तर तुम्ही स्वतः बघू शकता, आई आहे तुमची, आंघोळीच्या वेळी मदतीला जा आणि पाठ, माकडहाड, कुल्ह्याची हाडं, टाचा नीट बघा. बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून-बसून राहिल्याने होणारी जखम, सुरू होताना जखम नसते, एक डाग असतो, बोट दाबून सोडलं तर निरोगी कातडी क्षणभर फिकी पडते आणि परत रंगावर येते, आणि हा डाग दाबला तरी फिका पडत नाही. सावळ्या रंगावर लाली लवकर कळत नाही, तिथे हात फिरवून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा पिचपिचीत लागतंय का, दुखतंय का. असा डाग मावशींना माहीत होता का आणि त्यांनी कोणाला सांगितला का, यावर सर्व्हिसचं बरंच काही ठरतं. दुसरं वजन. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरलं तर डॉक्टर ते गंभीर धरतात, म्हणजे आई ५० किलोची असेल तर महिन्यात अडीच किलो. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून लिहा, एवढी साधी गोष्ट किती घरांत होत नाही. तिसरं म्हणजे चष्मा पुसलेला आहे का, ऐकण्याचं मशीन असेल तर चालू आहे का, नखं कापली आहेत का. ज्या केअरटेकरला पेशंट हा माणूस म्हणून दिसतो तिच्याकडे चष्मा सहसा स्वच्छ असतो.

आता आईला विचारण्याबद्दल. "मावशी चांगल्या आहेत" हे आई म्हणतेय ते बहुतेक मनापासून म्हणतेय, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. जिच्यावर आपली आंघोळ, टॉयलेट, जेवण अवलंबून आहे तिच्याबद्दल तक्रार करायला फार धैर्य लागतं, आणि आईला हेही माहीत आहे की तक्रार केली तर दादा-वहिनीची धावपळ होणार. म्हणून मावशी कशा आहेत हे विचारूच नका. मावशी खोलीत नसताना, टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा आणि उत्तराला भरपूर वेळ द्या, स्ट्रोकनंतर शब्द शोधायला वेळ लागतो आणि आपण दहा सेकंदात दुसरा प्रश्न टाकतो. काल दिवसात तू स्वतःच्या मनाने काय ठरवलंस? टॉयलेटला जायचं झालं तर किती वाट बघावी लागते? आंघोळीची वेळ कोण ठरवतं? असं काही आहे का जे तुला स्वतः करायचंय पण करू देत नाहीत? दिवसातला कुठला वेळ सगळ्यात नकोसा वाटतो? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो, कारण त्याला "बरं आहे" असं उत्तर देता येत नाही. शब्द अडले तर फोटो दाखवा, हो-नाही विचारा, बोट दाखवू दे. आणि पलंगावरून उठवताना, कपडे बदलताना तिचा चेहरा बघा, कपाळाला आठ्या पडतात का, अंग आखडतं का, मावशींचा हात लागल्यावर सैल पडते का घट्ट होते, शरीर बरंच काही सांगतं.

मग तिच्याशी बोलूनच दोन किंवा तीन गोष्टी ठरवा ज्या तिला हव्यायत. तुम्हाला किंवा दादाला नाही, तिला. यासाठी पण एक जुनी पद्धत आहे, थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ मध्ये मांडलेली, मानसिक आरोग्याच्या सेवांसाठी होती पण इथे अगदी फिट बसते. प्रत्येक गोष्टीला उणे दोन ते अधिक दोन असे पाच टप्पे आधीच लिहून ठेवायचे. समजा आई म्हणाली मला संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसायचंय. तर उणे दोन म्हणजे खोलीतच, जे आत्ता चाललंय. उणे एक म्हणजे आठवड्यातून एक-दोन दिवस हॉलमध्ये. शून्य, म्हणजे जेवढं व्हावं अशी आपली अपेक्षा, आठवड्यातून चार दिवस, वॉकरने, एक माणूस सोबत धरून. अधिक एक म्हणजे रोज. अधिक दोन म्हणजे रोज, आणि सोबतच्या माणसाने नुसती नजर ठेवायची. टप्पे ठरवताना फिजिओला विचारा म्हणजे अपेक्षा वाजवी राहील. हे लिहून पलंगाजवळ चिकटवा आणि सहा आठवड्यांनी बघा कुठे आलो. याचा फायदा असा की तुम्ही, दादा, मावशी आणि एजन्सी चौघंही एकाच कागदाकडे बघून बोलता, "मला आई खालावलेली वाटते" आणि "मला तर नाही वाटत" हे संपतं.

एजन्सीला काय विचारायचं? ट्रेनिंग, पोलीस व्हेरिफिकेशन, मावशी सुट्टीवर गेल्या तर कोण येतं, हे सगळे विचारतात आणि त्याची पाठ उत्तरं तयार असतात. तुम्ही हे विचारा, गेल्या आठ महिन्यांत तुम्ही आईच्या केअर प्लॅनमध्ये काय बदललंत आणि का? जिवंत माणसाची अवस्था आठ महिने तशीच राहत नाही, तेव्हा प्लॅन एकदाही बदलला नसेल तर तो प्लॅन नाही, कामांची यादी आहे. सुपरवायझर शेवटच्या कधी आल्या, आईशी बोलल्या की दादाशी बोलून गेल्या, तेही विचारा. आणि आठ महिन्यांत किती वेगवेगळ्या केअरटेकर आल्या ते मोजा, कारण दर वेळी नवीन माणसासमोर कपडे काढायला लागणं हे आईच्या वयात काय असतं याचा विचार फारसा कोणी करत नाही. नेदरलँड्समध्ये बुर्टझोर्ग नावाची होम केअर संस्था आहे, योस दे ब्लोक या नर्सने सुरू केलेली, तिथे जास्तीत जास्त बारा जणांची छोटी टीम एका भागातले पेशंट सांभाळते आणि निर्णयही तीच टीम घेते, म्हणजे पेशंटला चेहरे ओळखीचे राहतात. इंग्लंडमधल्या नाइस या, आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या होम केअर मार्गदर्शक सूचनांमध्येही ओळखीची माणसं पाठवण्यावर भर आहे, आणि अर्ध्या तासापेक्षा छोटी भेट ठरावीक अटींतच चालेल, जसं की येणारी व्यक्ती पेशंटच्या ओळखीची आहे आणि काम अगदी मोजकं आहे, असं म्हटलंय. तुमच्याकडे मावशी दिवसभर असतात त्यामुळे घाईचा प्रश्न नाही, पण त्या सलग किती तास करतात, दुपारी पाठ टेकायला मिळते का, आठवड्याची सुट्टी मिळते का हे बघा. दमलेल्या माणसाकडून वीस मिनिटं कंगव्याची वाट बघणं होणार नाही, आणि तो त्यांचा दोष नाही.

कॅमेरा लावू का असं तुम्ही विचारलं नाहीये पण मनात येईल म्हणून सांगते, आईला विचारल्याशिवाय नाही, आणि आंघोळ-टॉयलेटच्या जागी तर कधीच नाही. शिवाय तुमचा प्रश्न कॅमेऱ्याने सुटणारा नाही, त्यात मावशी आईचे केस छान विंचरतानाच दिसतील.

आणि वहिनी. तुमच्या अख्ख्या पत्रात वहिनी फक्त "दादा-वहिनीकडे" एवढ्यातच येतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथे वाटली. दिवसा मावशी असतात, पण रात्री कोण उठतं? मावशी आल्या नाहीत तर कोणाची सुट्टी पडते? होम केअर फक्त पेशंटसाठी नसतं, घरातल्यांना श्वास घेता यावा म्हणूनही असतं, आणि सर्व्हिस नीट चालतेय का हे बघताना तेही बघायलाच हवं. केअर करणाऱ्या घरच्यांवर किती ओझं आहे हे मोजायला स्टीव्हन झारिट यांनी १९८० मध्ये प्रश्नावली काढली, आता बावीस प्रश्नांची वापरतात, आपल्याला स्वतःसाठी वेळच उरत नाही असं वाटतं का, आपली तब्येत यात बिघडली असं वाटतं का, अशा प्रकारचे प्रश्न असतात त्यात. प्रश्नावली हातात देऊ नका वहिनींच्या, ते परीक्षा घेतल्यासारखं होईल. फोन करा आणि आईबद्दल काही न विचारता त्यांच्याबद्दल विचारा. सर्व्हिसमुळे तुमची झोप वाढली का, घराबाहेर पडता येतं का, की मावशींना सांभाळायचं अजून एक काम वाढलंय. आणि सर्व्हिस बदलायची वेळ आलीच तर नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं काम वहिनींच्याच अंगावर येणार आहे, म्हणून त्यांच्याशिवाय हा निर्णय घेऊ नका.

दादाशी बोलतानाही लांब राहून हिशोब मागितल्यासारखं होऊ देऊ नका. जो रोज तिथे असतो त्याला हळूहळू होणारा बदल खरंच दिसत नाही, आणि जो महिन्यातून एकदा येतो त्याला फक्त बदलच दिसतो, दोन्ही बाजू त्याला अशाच सांगा. पुढच्या वेळी एक दिवसाऐवजी चार-पाच दिवस राहता आलं तर बघा, त्यातला एक दिवस मावशींच्या सोबतीने पूर्ण काम स्वतः करा, आणि दोन रकान्यांचा कागद दादाला सोबत घेऊनच भरा. कंगव्याचं त्याच्यासमोर करा. आईने स्वतः विंचरलेलं त्याने डोळ्यांनी बघितलं की तुम्हाला फारसं समजवावं लागणार नाही.

काही गोष्टींसाठी सहा आठवडे थांबायचं नसतं हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. दंडावर किंवा मनगटावर कारण न कळणारे वळ-काळेनिळे डाग, कोणी खोलीत आलं की आईचं दचकणं, पलंगाला किंवा खुर्चीला बांधून ठेवणं, डॉक्टरांनी न दिलेली झोपेची गोळी, पैसे किंवा दागिने गायब होणं, तुम्हाला आईशी एकटीने बोलू न देणं. यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी दुसरं कोणीतरी घरात बसवा, डागांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, एजन्सीला लेखी कळवा आणि गरज पडली तर पोलीस. "थोडं समजून घेऊ" असं इथे करायचं नाही.

असं काही नसेल, आणि तुमच्या पत्रावरून मला तरी ते दिसत नाहीये, तर सहा आठवडे द्या. एजन्सीला, दादाला आणि मावशींना एकत्र बसवून सांगा की आजपासून केस, चेहरा धुणं आणि संध्याकाळी हॉल ही कामं आई करणार, मावशींनी सोबत थांबायचं, आणि त्याने आंघोळीला उशीर झाला तरी कोणी बोलणार नाही. हे शेवटचं वाक्य दादाने किंवा वहिनींनी मावशींसमोर मोठ्याने म्हणायला हवं, नाहीतर त्या करणार नाहीत, कारण उशीर झाला की बोलणी त्यांनाच बसतात. फिजिओकडून चालवायची, उठवायची पद्धत त्यांना प्रत्यक्ष शिकवून घ्या. सहा आठवड्यांनी उणे दोनवरून उणे एकवर जरी आलात तरी मावशींना ठेवा, एजन्सी कशीही असो, शिकणारी केअरटेकर सहज मिळत नाही. डॉक्टरांनी दुसरं कारण नाही म्हणून सांगितलंय, फिजिओ म्हणतोय जमायला हवं, आणि तरी काहीच हललं नाही, किंवा एजन्सी म्हणाली की आमच्या मावशी ठरलेलं काम करतात बाकी आमच्याकडे नाही, तर बदला. बदलताना जुन्या आणि नव्या केअरटेकरचे दोन-तीन दिवस एकत्र ठेवा, रजिस्टरची आणि दोन रकान्यांची कॉपी नव्या माणसाला द्या, आणि नवीन एजन्सी ठरवायच्या बोलण्याला आईला हॉलमध्ये आणून बसवा, एजन्सीची व्यक्ती आईशी थेट बोलते का दादाशीच बोलत राहते ते तिथल्या तिथे कळेल.